एकट्यासाठी हलकं ग्लायडर: पंखाला स्ट्रट (खालून धरणारी तिरपी नळी) द्यावा की नाही?

आर्वीकडचा फिटर (जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. आयटीआयला फिटर ट्रेड केला, तीन वर्षं बुटीबोरीला एका कारखान्यात अॅल्युमिनियमचं आर्गन वेल्डिंग केलं, मग गावी आलो. ट्रॉल्या, वखर, पेरणीयंत्राचे फण, कडबाकुट्टीची दुरुस्ती हे रोजचं काम. वय ३१, वजन ६२ किलो. वजन मुद्दाम सांगतो, ते पुढं लागतं.

एप्रिलमध्ये पऱ्हाट्या उपटून वावर नांगरलं की काळी जमीन उघडी पडते. अकराच्या सुमारास तिच्यावर घारी येतात आणि पंख न हलवता गोल गोल वर चढतात. बांधापलीकडे ओलिताची संत्र्याची बाग आहे, तिच्यावर एकही घार थांबत नाही. बाग थंड, नांगरलेली काळी जमीन तापलेली. एका बांधाच्या अलीकडे हवा वर जाते आणि पलीकडे जात नाही, हे मी लहानपणापासून रोज पाहतो. त्या वर जाणाऱ्या हवेत आपण बसावं, ही इच्छा काही केल्या जात नाही. दोन वर्षं फक्त वाचतोय आणि कागदावर काढतोय. अजून एकही नळी कापलेली नाही.

मला इंजिन नको. एक माणूस, उघडी बैठक, वर पंख, मागे लांब नळीवर शेपूट. अमेरिकेतल्या माइक सँडलिन यांनी त्यांच्या ‘गोट’ ग्लायडरची रेखाचित्रं सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. ती इतक्या वेळा पाहिली की डोळे मिटले तरी दिसतात. जिम मॉपिन यांचं कार्बन ड्रॅगन लाकूड, कापड आणि स्पारला (पंखाच्या आतल्या मुख्य आडव्या दांड्याला) कार्बन वापरून सुमारे ६६ किलोत बसलं, पंखाची लांबी १३.४ मीटर. स्वित्झर्लंडचं आर्किऑप्टेरिक्स तर ५४ किलोचं आहे. पण ते कार्बनचं काम माझ्या शेडमध्ये होण्यासारखं नाही. अमेरिकेच्या नियमात बिनइंजिनाच्या अल्ट्रालाइटला १५५ पौंडांची मर्यादा आहे, म्हणजे ७० किलो. मी तोच आकडा समोर ठेवला आहे.

माझी मापं अशी. पंख टोकापासून टोकापर्यंत १२ मीटर, क्षेत्रफळ १४ चौरस मीटर, सरासरी रुंदी १.१७ मीटर. पंखात दोन स्पार, पुढचा ६३ मिमी व्यासाच्या, २ मिमी जाडीच्या अॅल्युमिनियम नळीचा. मधल्या जोडापासून २.४ मीटरवर स्ट्रट, तो खाली बैठकीच्या चौकटीला येतो, उंचीचा फरक १.२ मीटर. स्ट्रटची नळी ३८ मिमी, जाडी दीड. आडवं शेपूट १.२ चौरस मीटर, पंखापासून ३ मीटर मागे. फासळ्या बांबूच्या कराव्या असं मनात आहे. आमच्याकडे बुरडांचं काम चांगलं आहे, आणि एक फासळी ९० ग्रॅममध्ये होते.

आता विचारायचं ते हे. स्ट्रट ठेवू की आतून मजबूत पंख करून स्ट्रट काढूनच टाकू? घारीला स्ट्रट नसतो, आणि हवेचा विरोधही वाचेल. दुसरं, नागपुरात खिडक्यांच्या सेक्शनच्या दुकानात अॅल्युमिनियम नळ्या सहज मिळतात, त्या चालतील का? जोड मी स्वतः वेल्ड करीन. त्या कामात माझा हात बरा आहे, कारखान्यात माझे जोड तपासणीतून परत आलेले नाहीत.

घरी बाबांना सगळं दाखवलं. त्यांनी कागद बराच वेळ पाहिले आणि एवढंच म्हणाले, “ट्रालीचा जोड तुटला त माल सांडते बावा. याचा जोड तुटला त काय सांडन?” मला उत्तर देता आलं नाही. म्हणून इथं लिहितोय.

---

वाऱ्यावरची वरात (हिंगणघाट, सध्या पुणे)

भाऊ, मी कामशेतला पॅराग्लायडिंग शिकलो आणि सुट्टीत गावी आलो की आभाळच बघत असतो. डिझाइनमधलं मला फार कळत नाही, हवेबद्दल सांगतो.

आपल्याकडची उन्हाळ्यातली हवा सोपी नाही. घार ज्या वाफेवर, म्हणजे वर जाणाऱ्या तापलेल्या हवेवर, चढते तिच्या कडेला तेवढ्याच जोराने खाली जाणारी हवा असते, आणि मे महिन्यात भर दुपारी हा फरक एका पंखाच्या लांबीत येऊ शकतो. एक टोक वर ढकललं जातं, दुसरं खाली. नांगरलेल्या वावरात जी वावटळ उठते, पालापाचोळा घेऊन फिरते, ती त्याच वाफेचं बूड असते. धूळ नसली तर ती दिसतही नाही. त्यामुळे पंखाची ताकद काढताना “मी हळू उडणार आहे” असं धरू नका. झटका हवा देते, तो तुमच्या वेगावर पूर्णपणे अवलंबून नसतो. सुरुवातीची उड्डाणं सकाळी आठच्या आत, वारा झोपलेला असताना. घारीच्या वेळेला घारीला उडू द्या.

---

विंचची केबल (परतवाडा)

वयाने बराच मोठा आहे म्हणून तू म्हणतो, राग मानू नकोस. मी एनसीसीच्या एअर विंगमधून आलेला मुलगा. सत्तरच्या दशकात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला विंचवर (केबल गुंडाळून ग्लायडर ओढणाऱ्या यंत्रावर) शिकलो. रोहिणी नावाचं लाकडी ग्लायडर होतं, शिक्षक आणि विद्यार्थी शेजारीशेजारी बसायचे. त्याचं डिझाइन आपल्याच देशातलं, पहिलं उड्डाण १९६१ चं. अश्विनी, कार्तिक, मृणाल ही नावंही त्याच काळातली. हे मुद्दाम सांगतो, कारण तुझ्यासारख्या पोरांना वाटतं की ही विद्या आपल्याकडे कधी नव्हतीच. होती. लाकूड, सरस आणि कापडातून माणसांनी इथे ग्लायडरं उभी केली आहेत.

तुझ्या मापांवर बसलो. तुझे ६२, ग्लायडर ७०, पॅराशूट-हेल्मेट-बूट मिळून ८, म्हणजे १४० किलो. १४ चौरस मीटरवर चौरस मीटरला बरोबर १० किलो. हे चांगलं आहे. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेत घनमीटरचं वजन १.२२५ किलो धरतात, त्या हिशेबाने तुझा स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख उचल सोडतो) ताशी साडेअडतीस किलोमीटर येतो. पण आर्वीच्या आसपास ४५ अंशांना हवा १.०७ पर्यंत विरळ होते. तेच ग्लायडर, तोच माणूस, स्टॉल ४१ वर. गोल फिरताना ४५ अंश कलवलं तर ४९. म्हणून पुस्तकातला वेग पाठ करू नकोस, आपल्या उन्हाळ्याचा वेग काढून बैठकीसमोर लिहून ठेव.

शेपूट लहान आहे. शेपटाचं क्षेत्रफळ गुणिले अंतर, भागिले पंखाचं क्षेत्रफळ गुणिले रुंदी, हा आकडा तुझा ०.२२ येतो. तो ०.४ च्या आसपास असावा. १.८ चौरस मीटर शेपूट ३.६ मीटर मागे ने, म्हणजे बसेल. उभं शेपूट आणि त्यावरचा नाक डावी-उजवीकडे वळवणारा रडरही मोठा घे. लांब पंखाचं हळू ग्लायडर वळवताना ज्या बाजूला वळायचं तिच्या उलट नाक ओढलं जातं, कारण वर जाणाऱ्या पंखाचा ऐलेरॉन (टोकाकडचा हलणारा पट्टा) जास्त विरोध करतो. रडर दुबळा असेल तर हे सांभाळता येत नाही. पंखाच्या टोकांची पुढची कड मुळापेक्षा दोन-तीन अंश खाली पिळलेली ठेव, म्हणजे स्टॉल झालं तरी आधी मूळ सोडेल, टोक धरून राहील.

वजनाचा तोल हा तुझ्यासारख्या हलक्या यंत्रात फार नाजूक असतो, कारण निम्मं वजन माणसाचंच. समज, तुझी बैठक एकूण गुरुत्वमध्याच्या ३० सेंमी पुढे आहे. तुझ्या जागी १२ किलो हलका धाकटा भाऊ बसला तर गुरुत्वमध्य जवळजवळ ३ सेंमी मागे सरकतो. कागदावर ३ सेंमी काहीच नाही. हवेत मात्र शेपूटजड ग्लायडर नाक वर करत राहतं आणि ते खाली आणणं तुझ्या हातात उरत नाही. बैठक पुढे-मागे करता येईल अशी ठेव. प्रत्येक वेळी माणूस बसवून पुढच्या आणि मागच्या टेकूखाली काटा ठेवून वजन कर. अडत्याकडचा धान्याचा काटा चालेल.

आता वेल्डिंग. इथे मी कठोर बोलणार आहे. ६०६१-टी६ या जातीच्या अॅल्युमिनियमची नळी ताकदवान असते ती उष्णतेची प्रक्रिया करून. तू तिच्यावर आर्गनचा टॉर्च धरलास की जोडाच्या दोन्ही बाजूंना ती प्रक्रिया पुसली जाते. जोड कितीही देखणा असू दे, त्याच्या शेजारचा धातू निम्म्याच्या आसपास येतो. आणि खिडकीचा सेक्शन साधारणपणे ६०६३ असतो, तो तर आधीच निम्मा. खिडकीला ते पुरतं. पंखाला नाही. नळी प्रमाणपत्रासकट ६०६१-टी६ घे. जोड आतून बाही (घट्ट बसणारी जोडनळी) घालून, रिव्हेट आणि बोल्टने कर. बोल्टचं भोक काठापासून बोल्टच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतरावर असू दे. वेल्डिंगचा हात वापरायचाच असेल तर बैठकीची चौकट क्रोमोली पोलादाच्या नळीची कर, तिथे तो शोभेल.

बांबूच्या फासळ्या? जर्मनीच्या लिलिएन्थालने १८९० च्या दशकात आपल्या ग्लायडरांना विलोच्या काड्या वापरल्या, सांतुस-द्युमाँच्या डेमोइझेल विमानाला बांबू होता. बांबू वाईट नाही. पण दोन पेरं सारखी नसतात, तो उभा चिरतो आणि पावसाळ्यानंतर आत घुण लागली तर बाहेरून दिसत नाही. फासळीपुरता, चांगला वाळवून आणि प्रक्रिया करून, ठीक. स्पार किंवा स्ट्रटला अजिबात नाही.

ट्रॅक्टरला दोर बांधून ओढून पाहीन असा विचार मनात आला असेल, तर तो काढून टाक. ओढण्याच्या दोराला झटक्यात सुटणारा हूक आणि ठरावीक ताणाला तुटणारा कमजोर दुवा लागतो, आणि विंचवर बसलेल्या माणसाला ग्लायडर कळावं लागतं. हडपसरला आम्हाला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की केबल तुटली तर काहीही करण्याआधी नाक खाली. ती सवय शंभर वेळा शिक्षकासोबत बसून लागते. आधी उडायला शीक. ग्लायडर तोवर शेडमध्ये थांबेल.

---

आर्वीकडचा फिटर

काकाजी, तुमचं लिहिणं तीनदा वाचलं. शेपटाचं आणि बैठकीचं समजलं, पटलं. वेल्डिंगचं मनाला लागलं, ते खोटं बोलणार नाही. मी भूमिती, हवेचा विरोध, सगळीकडे स्वतःला विद्यार्थी समजत होतो. एका जोडाच्या बाबतीत मात्र वाटत होतं की इथे तरी मला कोणी काही शिकवायची गरज नाही. दोन तुकडे मागवतो, एक वेल्ड करून आणि एक बाही घालून, आणि वजन टाकून बघतो. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हात ऐकणार नाही.

स्ट्रटचं मात्र राहिलं.

---

तुळई (नागपूर)

फिटरभाऊ, मी इमारतींचे सांगाडे तपासते, विमानाचे नाही. पण नळीला ती कुठे बसवली आहे हे कळत नसतं, तिला फक्त भार कळतो. म्हणून स्ट्रटचं मी लिहिते. काकाजींनी चूक काढावी.

धरलेलं असं: वरच्या दिशेने एकूण वजनाच्या ४ पट भार, खालच्या दिशेने २ पट, आणि दोन्हीवर दीडपट सुरक्षा. सगळा भार पुढच्या स्पारवर येतो असंही धरलं, म्हणजे चूक झाली तर सुरक्षित बाजूला होईल.

१४० किलोच्या ४ पट म्हणजे ५६०. एका पंखावर २८०, सहा मीटरवर सारखा पसरलेला. स्ट्रट काढून टाकला तर मुळाशी येणारा वाकवणारा भार म्हणजे एक मीटर लांब दांडीच्या टोकाला ८४० किलो टांगल्यासारखा. तुमची ६३ ची नळी असे १५९ किलो टांगले की कायमची वाकते. म्हणजे स्ट्रटशिवायचा पंख हवा असेल तर नळी विसरा, खोल पेटीचा स्पार करावा लागेल आणि ७० किलोत तो बसवणं ही वेगळीच तपश्चर्या आहे. घारीला स्ट्रट नाही हे खरं. पण घारीचं वजन किलोच्या आसपास असतं, आणि आकार वाढला की वजन क्षेत्रफळापेक्षा वेगाने वाढतं. घारीचा हिशेब आपल्याला लागू पडत नाही.

तर स्ट्रट हवाच. पण तुम्ही तो २.४ मीटरवर जोडला आहे. त्याच्या बाहेर ३.६ मीटर पंख लोंबकळत राहतो, आणि जोडापाशी त्याच मापाने ३०२ किलो येतात. नळी १५९ ची. हिशेबाचा ४ पट भार यायच्या कितीतरी आधी, दोन पटीच्या पुढे गेल्या गेल्या, ती वाकेल. स्ट्रट ३.४ मीटरवर न्या. बाहेर २.६ मीटर उरतात आणि भार १५८ वर येतो, जवळपास निम्मा. अजूनही काठावरच आहे. प्रत्यक्षात टोकाकडे उचल कमी असते आणि मागचा स्पारही थोडं घेतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. त्या जोडाच्या दोन्ही बाजूंना मिळून मीटरभर आतून दुसरी नळी सरकवा. सगळी नळी जाड करण्यापेक्षा हे कितीतरी हलकं.

आता खरी गोष्ट. पंख वर उचलला जातो तेव्हा स्ट्रट ताणला जातो, त्याच्यावर सुमारे ७४३ किलोची ओढ येते. ३८ ची दीड मिमी नळी पावणेपाच टनांहून जास्त ओढ सहन करते. म्हणून सगळ्यांना वाटतं की स्ट्रट खूप मजबूत आहे. पण हवेने पंख खाली दाबला, किंवा उतरताना आपटलं, तर तोच स्ट्रट दाबला जातो. सुरक्षेसकट ५५७ किलो. आणि ३.६१ मीटर लांब ३८ ची नळी दाबाखाली किती सहन करते? १५३ किलो. ओढीला पावणेपाच टन, दाबाला दीडशे किलो, नळी तीच. ती तुटत नाही, मधे बाक घेऊन बाजूला पळते.

यावर उपाय स्वस्त आहे. स्ट्रटच्या बरोबर मध्यावरून वर स्पारपर्यंत एक बारीक आडकाठी द्या. दाबाखालची ताकद लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात असते, म्हणजे मोकळी लांबी अर्धी झाली की ताकद चौपट. १५३ चे ६१२ होतात. आणि स्पारचंही काम होतं. स्ट्रट पंखाला तिरपा ओढतो म्हणून मुळापासून जोडापर्यंतच्या स्पारवर सुरक्षेसकट १०५० किलोचा दाब येतो. ३.४ मीटरची मोकळी नळी १०७२ ला पळते, आणि तिच्यावर वाकवणारा भार वेगळाच. आडकाठीने ती चिंताही जाते. फक्त ती स्ट्रटला वर-खाली आणि पुढे-मागे दोन्हीकडून धरून ठेवणारी हवी. एकाच दिशेने धरली तर नळी दुसऱ्या दिशेला पळेल.

विश्वास बसत नसेल तर फड्याची (झाडूची) एक सरळ काडी घ्या, किराणा दुकानाच्या काट्यावर उभी धरून वरून बोटाने दाबा, आणि वाकते तेव्हाचा आकडा बघा. मग तीच काडी अर्धी करून परत दाबा.

---

आर्वीकडचा फिटर

महिना झाला. नळी यायला वेळ लागला, मग सोयाबीनच्या पेरणीच्या आधीचं दुकानातलं काम होतं.

आधी काडी. माझ्या सात वर्षांच्या पुतणीने केलं हे. काटा तिने धरला, आकडे तिनेच वाचले. लांब काडी ४० ग्रॅमला वाकली, अर्धी १५० च्या वर गेली. ती दुसऱ्या दिवशी घरातला सगळा फडा मोडायला निघाली होती, मोठ्या मुश्किलीने थांबवली.

मग नळी. ६३ ची, २ मिमी, प्रमाणपत्रासकट ६०६१-टी६. दोन मीटर अंतरावर दोन घोडे (टेकू), मधोमध दोराने पाळणा, पाळण्यात सिमेंटची पोती, एक ५० किलोचं. पहिला तुकडा मधोमध कापून आर्गनने जोडलेला. तो जोड मी आयुष्यातला सर्वात चांगला केला होता, घासून साफ करून, गॅस पूर्ण, पुन्हा पुन्हा बघून. पहिलं पोतं, दुसरं पोतं, काही नाही. तिसरं ठेवलं आणि नळी हळूच बसली. आवाज नाही, तडा नाही. पोती काढली तर बाक तसाच राहिला. सूत लावून पाहिलं. बाक जोडावर नव्हता, जोडाच्या शेजारी दोन बोटांवर होता. काकाजी, अगदी तुम्ही सांगितलं तिथेच. जोड शाबूत.

दुसरा तुकडाही मधोमध कापलेला, पण आतून बाही घालून रिव्हेट मारलेला. सहा पोती ठेवली, ३०० किलो. नळी वाकली, खूप वाकली, मी घाबरून मागे सरकलो. पोती उतरवली तर सरळ. सुताशी केसाचाही फरक नाही.

बाबा हे सगळं खाटेवर बसून बघत होते. वाकलेला तुकडा त्यांनी उचलला, जोडावरून अंगठा फिरवला, मग शेजारच्या बाकावरून फिरवला. “जोड त पक्का हाये,” म्हणाले, “मंग हे काऊन वाकलं?” त्यांना उष्णतेचं सांगितलं. लोहाराकडे विळ्याला पाणी देतात, आणि तोच विळा चुलीत पडला की नरम होतो, तसं. ते त्यांना लगेच कळलं. मला कळायला दोन वर्षं आणि तीन पोती लागली.

ठरवलं ते असं. स्ट्रट ३.४ वर, मध्ये आडकाठी. ३८ ऐवजी ५० ची नळी घेतोय. ३८ आडकाठीसकट ६१२ ला जाते, लागतात ५५७, ही जागा मला कमी वाटते. ५० ची दीड मिमी नळी एका स्ट्रटला अर्ध्या किलोपेक्षा थोडं जास्त वजन वाढवते. तेवढं मी बैठकीतून काढीन. शेपूट १.८ चं आणि ३.६ मागे. बैठकीची चौकट क्रोमोलीची, तिथे वेल्डिंग.

पूर्ण पंख झाला की तो उलटा बांधून वाळूची पोती ठेवून तपासणार, माणूस बसायच्या आधी. आपल्याच विदर्भात एक हुन्नरी पोरगा स्वतः बनवलेल्या यंत्राची चाचणी घेताना गेला, ती बातमी मी अजून विसरलेलो नाही. त्याच्या हातात कसब होतं. त्याच्याजवळ काकाजी आणि ताई असते तर, असं रात्री कधी कधी वाटतं.

उडायचा मुद्दा: आधी शिकणार. परवानगीशिवाय उडवणार नाही. अमोल यादव यांनी मुंबईत घराच्या गच्चीवर विमान बांधलं, ते २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’त लोकांनी पाहिलं, आणि डीजीसीएचा (विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचा) उड्डाणाचा परवाना २०१९ ला मिळाला. तेवढा धीर धरायची माझी तयारी आहे.

शेवटचं एक विचारतो. आडकाठी स्ट्रटला जोडायला स्ट्रटमध्ये आरपार ६ मिमीचं भोक पाडून बोल्ट टाकू का?

---

विंचची केबल

नाही. दाबाखाली नळी सगळ्यात जास्त मध्यावरच वाकू बघते, आणि तू नेमकं तिथेच भोक पाडणार. बाहेरून दोन अर्धगोल पट्ट्यांचा क्लॅम्प कर, आत पातळ रबर नको, ते कालांतराने सैल होतं, नायलॉनची पट्टी घाल. आडकाठीचा बोल्ट क्लॅम्पच्या कानाला. तो क्लॅम्प सरकू नये म्हणून स्ट्रटवर रंगाने खूण कर आणि उड्डाणापूर्वी दर वेळी ती खूण बघ.

वाकलेला तुकडा फेकू नकोस. शेडमध्ये दाराजवळ टांग.

---

तुळई

आणि भाऊ, पंख उलटा बांधून पोती ठेवाल तेव्हा मूळ आणि टोक दोन्हीकडे सारखी ठेवू नका. मुळाकडे जास्त, टोकाकडे कमी. पोत्यांची मांडणी मी कागदावर काढून देते, फासळ्यांची अंतरं तेवढी कळवा.

---

आर्वीकडचा फिटर

फासळ्या २८ सेंमीवर, पुढच्या कडेला मध्ये एकेक अर्धी फासळी. पुतणीला सांगितलं ताई कागद पाठवणार आहे. ती विचारते, पोती मोजायला मीच बसू ना?